मूत्रपिंडाचा विकार आणि मातृत्व

बंगळूरच्या कृष्णराजेंद्र मार्केटच्या गर्दीतून बाहेर पडले, की थोड्याच अंतरावर दोन जुनी रुग्णालये शेजारी शेजारी उभी दिसतात. व्हिक्टोरिया रुग्णालय १९०० साली सुरू झाले. वाणीविलास हे स्त्रिया व मुले यांच्यासाठी असलेले रुग्णालय १९३५ सालचे. पहिल्याला इंग्लंडच्या राणीचे नाव आहे, तर दुसऱ्याला म्हैसूरच्या एका राणीचे. पतीच्या अकाली निधनानंतर अल्पवयीन पुत्राच्या वतीने ज्यांनी राज्यकारभार पाहिला, त्या महाराणी केंपनंजम्मण्णी यांचे 'वाणीविलास सन्निधान' हे बिरुद या रुग्णालयाला लाभले. व्हिक्टोरियाच्या आवारातच आज मूत्रपिंडाच्या विकारांसाठी स्वतंत्र शासकीय संस्था आहे. म्हणजे या ठिकाणी बाळंतिणीची खाट आणि रक्त शुद्ध करणारे डायलिसिसचे यंत्र यांच्यातले अंतर पायी चालण्याइतके आहे. आपल्या देशात बहुतेक ठिकाणी ते इतके थोडे नाही. जिथे ते थोडे आहे, तिथेही ते ओलांडायचे केव्हा, या प्रश्नावर दोन जिवांचे भवितव्य अवलंबून असते.

बंगळूरच्या कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या रांगेत कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू यांच्याबरोबर मराठीही कानी पडते. शहाजीराजांना सतराव्या शतकात या नगरीची जहागीर मिळाली, तेव्हापासून इथे मराठी घरे आहेत. अलीकडच्या काळात नोकरीसाठी आलेल्यांची त्यांत भर पडली आहे. अशाच एखाद्या घरातील सव्वीस वर्षांच्या स्नुषेची कल्पना करावी. सासर बंगळुरात, माहेर बेळगाव जिल्ह्यातील खेड्यात. लग्नाला दीड वर्ष झालेले. पाय थोडे सुजतात, पण ते उभे राहून काम केल्यामुळे, असे सर्वांनी धरून चाललेले. दिवस राहतात. नाव नोंदविण्यासाठी ती आरोग्य केंद्रात जाते, आणि आयुष्यात प्रथमच कोणीतरी तिचा रक्तदाब मोजते व तिची लघवी तपासते. लघवीत प्रथिन सापडते. रक्तदाब वाढलेला असतो. तिची मूत्रपिंडे कदाचित कित्येक वर्षांपासून दुखावलेली असतील, परंतु आजवर त्यांची विचारपूस करण्याचा प्रसंगच आला नव्हता. आपल्याकडे पुष्कळ स्त्रियांच्या बाबतीत गर्भारपण हीच मूत्रपिंडाची पहिली परीक्षा ठरते.

कर्नाटकात गर्भवतीला जे नोंदपत्र मिळते त्याला 'तायी कार्ड' म्हणतात. कन्नडमध्ये तायी म्हणजे आई. मराठी कानाला मात्र तिथे थोरली बहीण ऐकू येते. वजन, रक्तदाब, रक्तातील हिमोग्लोबिन आणि लघवीतील प्रथिन या गोष्टी प्रत्येक गर्भवतीच्या बाबतीत तपासावयाच्या असतात. रक्तातील क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड किती काम करते हे सांगणारा घटक, नेहमीच्या तपासण्यांत येत नाही. संशय आला तरच तो पाहिला जातो. आणि पाहिला गेला, तरी एक फसगत संभवते.

निरोगी माणसाची मूत्रपिंडे दिवसाकाठी दीडशे ते एकशे ऐंशी लिटर द्रव गाळतात. त्यातला दीड-दोन लिटर मूत्ररूपाने बाहेर पडतो व बाकीचा पुन्हा रक्तात घेतला जातो. दिवस राहिल्यावर पहिल्या तीन महिन्यांतच हे गाळण्याचे काम सुमारे दीडपट होते. साहजिकच क्रिएटिनिन खाली येते. एरवी दर डेसिलिटरला ०.६ ते १.१ मिलिग्रॅम हे प्रमाण स्त्रियांत सर्वसाधारण समजले जाते. गर्भवतीत ते ०.४ ते ०.८ च्या आसपास असावयास हवे. आता प्रयोगशाळेच्या कागदावर १.० असा आकडा आला आणि शेजारच्या रकान्यात छापील मर्यादा १.१ असली, तर घरची मंडळी, आणि कधी घाईतला डॉक्टरही, निश्चिंत होतो. वस्तुतः त्या आकड्याचा अर्थ असा असू शकतो, की जी मूत्रपिंडे यावेळी दीडपट काम करावयास हवी होती, त्यांना ते साधत नाही. छापील रकाना सर्वांसाठी एकच असतो. गर्भवतीसाठी तो निराळा छापण्याची तसदी बहुतेक ठिकाणी कोणी घेतलेली नाही.

लघवीतील प्रथिन आणि मूत्रपिंडाचा रोग यांचे नाते प्रथम स्पष्ट केले ते लंडनच्या गायज् रुग्णालयातील रिचर्ड ब्राइट यांनी, १८२७ साली. त्यांचे साधन म्हणजे एक चमचा आणि एक मेणबत्ती. चमच्यातली लघवी ज्योतीवर तापविली, की अंड्याच्या पांढऱ्या बलकाप्रमाणे ती गोठते की नाही, हे ते पाहत. त्याच रुग्णालयातील जॉन लीव्हर यांनी १८४३ साली दाखवून दिले, की ज्या स्त्रियांना बाळंतपणात झटके येतात त्यांच्याही लघवीत हेच द्रव्य आढळते. तेव्हापासून वैद्यांपुढे एक कोडे उभे राहिले, ते अजून पुरते सुटलेले नाही. गर्भवतीच्या लघवीत प्रथिन दिसले व रक्तदाब चढला, तर हा जुना मूत्रपिंडविकार समजावा, की गर्भारपणातच उद्भवणारा, प्रीएक्लॅम्पसिया नावाचा विकार समजावा? लक्षणे सारखी, उपाय मात्र वेगळे. पहिल्यात औषधे देऊन, लक्ष ठेवून दिवस पुढे नेता येतात; दुसरा हाताबाहेर जाऊ लागला, तर बाळंतपण उरकणे हाच त्यावरचा उपाय. जुना विकार असलेल्या स्त्रीला हा दुसरा विकारही सहज जडतो, त्यामुळे गुंता अधिकच वाढतो. अलीकडे वारेतून रक्तात येणाऱ्या काही द्रव्यांच्या मोजणीने दोहोंतील भेद ओळखण्यास मदत होते. पण ही तपासणी महाग आहे व मोठ्या शहरांबाहेर दुर्मिळ. साधी कसोटी एकच. प्रीएक्लॅम्पसिया सहसा विसाव्या आठवड्यानंतर येतो. त्यापूर्वीच प्रथिन दिसले असेल, तर विकार बहुधा आधीचा आहे. म्हणून पहिल्या तीन महिन्यांत केलेल्या तपासणीचा कागद फार मोलाचा. चौथ्या-पाचव्या महिन्यात रक्तदाब निसर्गतःच थोडा उतरतो. त्यामुळे उशिरा नाव नोंदविणारीचा जुना रक्तदाब त्या काळात लपूनही राहतो.

हा कागद हरवतो कुठे? आपल्याकडे तो बहुधा प्रवासात हरवतो. पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत कर्नाटकात आणि महाराष्ट्रात सारखीच आहे. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते, ओटी भरली जाते, हिरव्या चोळीचे कौतुक होते आणि मुलगी माहेरची वाट धरते. रीत मोठी प्रेमळ आहे. थकलेल्या जिवाला आईच्या हातचा घास मिळावा, हा तिचा हेतू. परंतु मूत्रपिंडाचा विकार असलेल्या स्त्रीच्या बाबतीत संकटाचा काळ सुरू होतो तो नेमका याच सुमारास. बंगळुरात ज्यांनी तिला सहा महिने पाहिले ते डॉक्टर पाचशे किलोमीटर मागे राहतात; तपासणीचे कागद सासरच्या कपाटात राहतात; आणि माहेरच्या गावचा डॉक्टर तिला आठव्या महिन्यात, सुजलेल्या चेहऱ्याने, प्रथमच पाहतो. पूर्वी लघवीत किती प्रथिन होते, क्रिएटिनिन किती होते, हे त्याला कोण सांगणार? ज्या घरात हा विकार आहे, त्या घरी डोहाळजेवण थाटाने करावे, परंतु मुलीला पाठविण्याऐवजी तिच्या आईलाच बंगळूरला बोलावून घ्यावे, हे अधिक शहाणपणाचे. आणि पाठवावयाचेच असेल, तर ओटीतल्या नारळाइतकीच त्या कागदांची काळजी घ्यावी.

येथवर जी स्त्री पाहिली, तिला आपला विकार ठाऊक नव्हता. ज्यांना तो ठाऊक आहे, अशा स्त्रियांची कथा निराळी आहे, आणि एका दृष्टीने अधिक करुण.

एक काळ असा होता, की मूत्रपिंड दुखावलेल्या स्त्रीला वैद्य एकच सल्ला देत : मूल नको. त्या काळच्या साधनांचा विचार करता त्यात निष्ठुरता नव्हती. तथापि १९५८ च्या मार्चमध्ये अमेरिकेत एक घटना घडली. ईडिथ हेल्म या तरुणीला १९५६ साली बोस्टनमध्ये डॉक्टर जोसेफ मरे यांनी तिच्या जुळ्या बहिणीचे मूत्रपिंड बसविले होते. त्या उसन्या मूत्रपिंडावर तिने गर्भ वाढविला व मुलाला जन्म दिला. रोपणानंतर माता झालेली ती जगातील पहिली स्त्री. ती २०११ पर्यंत जगली. मरे यांना १९९० साली नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात जिवंत नातलगाने दिलेल्या मूत्रपिंडाचे यशस्वी रोपण १९७१ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झाले. डायलिसिसवर असलेल्या स्त्रीला मूल झाल्याची पहिली नोंद इटलीतून आली, तीही १९७१ सालीच. आज 'नको' हे उत्तर क्वचितच पुरे पडते. प्रश्न आता असा विचारला जातो : केव्हा, कोणत्या अवस्थेत, आणि कोणती किंमत देऊन?

तरीही तो जुना 'नको' अनेक ठिकाणी अद्याप तसाच उच्चारला जातो, आणि त्याचे परिणाम उलटे होतात. ज्या घरात सुनेकडून वर्षाच्या आत पाळण्याची अपेक्षा असते, तिथे डॉक्टरांचे 'नको' घेऊन ती परत कोणत्या तोंडाने जाणार? पुष्कळदा लग्नाच्या वेळी विकार लपविलेला असतो. गोळ्या धान्याच्या डब्याआड ठेवून घ्याव्या लागतात. अशी स्त्री डॉक्टरांकडे जाणे बंद करते. दिवस राहिल्याचे ती त्यांना कळवीत नाही, कारण रागावून घेण्याची तिची इच्छा नसते. पाचव्या महिन्यात ती येते, तेव्हा एक तर गर्भाला घातक ठरणाऱ्या गोळ्या तिने तोवर घेतलेल्या असतात, किंवा भीतीपोटी सर्वच गोळ्या सोडून दिलेल्या असतात, ज्या सोडावयाच्या नव्हत्या त्यासुद्धा. नुसती मनाई केल्याने गर्भधारणा टळत नाही. टळते ती तिची पूर्वतयारी.

ही पूर्वतयारी म्हणजे काय, हे पाहण्यासारखे आहे. मूत्रपिंडातून प्रथिन गळू नये म्हणून एनालाप्रिल, टेल्मिसार्टन अशा वर्गातील गोळ्या देतात. त्या मूत्रपिंडाला हितकर, पण गर्भाच्या वाढत्या मूत्रपिंडांना घातक. त्या केव्हा थांबवावयाच्या, दिवस राहण्यापूर्वी की राहिल्याचे कळताच, हे विकाराच्या प्रकारावर ठरते आणि डॉक्टरांनीच ठरवावयाचे असते. त्यांच्या जागी मिथिलडोपा, लॅबेटालॉल, निफेडिपिन ही औषधे येतात. रोपण झालेल्या अथवा ल्युपस असलेल्या स्त्रीला मायकोफेनोलेट चालू असेल, तर ते गर्भधारणेपूर्वी किमान सहा आठवडे बंद करून अझाथायोप्रिनसारखे औषध द्यावे लागते, आणि ते मानवते की नाही हे काही काळ पाहावे लागते. ल्युपस किमान सहा महिने शांत असावा. रोपणानंतर निदान एक वर्ष उलटावे व नवे मूत्रपिंड स्थिर असावे. म्हणजे ज्या भेटीवर सर्वाधिक अवलंबून आहे, ती भेट दिवस राहण्याच्या कितीतरी आधीची. आणि त्या भेटीसाठी आपल्या कोणत्याही नोंदपत्रावर जागा नाही, कारण नोंदपत्र मिळते ते दिवस राहिल्यावर.

धोका किती, हेही आकड्यांत सांगता येते, आणि स्त्रीला ते सांगितलेच पाहिजे. विकार सौम्य असेल, रक्तदाब ताब्यात असेल, तर बहुतेकींचे बाळंतपण सुखरूप होते व मूत्रपिंडांची कायमची हानी सहसा होत नाही. मात्र मूल थोडे आधी वा थोडे लहान जन्मण्याची शक्यता अधिक असते. विकार जसजसा पुढच्या पायरीवर जातो, तसतसे चित्र गडद होते. इटलीतील वैद्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात असे दिसले, की ज्यांची मूत्रपिंडे मिनिटाला ४० मिलिलिटरपेक्षा कमी गाळत होती आणि शिवाय दिवसाला एक ग्रॅमहून अधिक प्रथिन गमावत होती, त्यांचा विकार बाळंतपणानंतर अधिक वेगाने बळावला. अशा स्त्रीपुढचा प्रश्न निखालस कठीण आहे. आज मूल होऊ दिले, तर काही वर्षे आधीच डायलिसिस पत्करावे लागेल. थांबले, तर वय पुढे जाईल. काही जणी रोपण होईतो थांबतात, काही दत्तकाचा मार्ग घेतात, काही धोका पत्करतात. त्यांपैकी कोणत्याही निर्णयाला हसण्याचा वा रागावण्याचा अधिकार इतरांना नाही. परंतु आपल्या देशात रोपणाची वाट पाहणे हे स्त्रियांच्या वाट्याला पुरुषांइतके सोपे आलेले नाही, हेही नमूद केले पाहिजे. घरात कोणाला मूत्रपिंड हवे असेल, तर देणारी बहुधा आई, पत्नी वा बहीण असते. घेणाऱ्यांत मात्र पाचांपैकी जवळजवळ चार पुरुष असतात.

गर्भारपणातील देखरेखीची पद्धत आता बरीच ठरून गेली आहे. बाराव्या आठवड्याच्या सुमारास अल्प मात्रेत अॅस्पिरिन सुरू करतात. त्याने प्रीएक्लॅम्पसियाची शक्यता कमी होते. रक्तदाब मोजण्याचे यंत्र शक्यतो घरीच ठेवावे. लघवीत जंतू वाढले, तर त्रास नसला तरी औषध घ्यावे लागते. मूत्रपिंड दुखावलेले असले, की रक्तही कमी पडते. लोहाच्या गोळ्या पुरत नसल्या, तर शिरेतून लोह व एरिथ्रोपोएटिनची सुई. अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणू नयेत. घरोघरच्या काढ्यांविषयी व भस्मांविषयीही तेच म्हणावे लागते : त्यांतील काही वनस्पती आणि धातू मूत्रपिंडाला मानवत नाहीत, आणि पुडीत नेमके काय आहे हे देणाऱ्यालाही सांगता येत नाही. शस्त्रक्रियेविषयी एक गैरसमज सर्वत्र आहे. रोपण केलेले मूत्रपिंड ओटीपोटाच्या एका बाजूला बसविलेले असते, मुलाच्या वाटेत ते येत नाही. तेव्हा केवळ त्यापायी पोट फाडून प्रसूती करण्याचे कारण नसते.

सर्वांत अवघड प्रकरण डायलिसिसवरील गर्भवतीचे. आपल्याकडे सर्वसाधारण वहिवाट आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चार तास, म्हणजे १२ तासांची. अनेकांना तीही मिळत नाही. गर्भाला मात्र रक्तातील विषारी द्रव्ये सतत कमी राहावी लागतात. कॅनडा आणि अमेरिका येथील स्त्रियांची तुलना करणारा एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. आठवड्याला २० तासांपर्यंत डायलिसिस मिळालेल्या स्त्रियांत जिवंत मूल जन्मण्याचे प्रमाण ४८ टक्के होते. ३६ तासांहून अधिक मिळालेल्यांत ८५ टक्के. म्हणजे यंत्राच्या तासांवर मुलाचे जगणे तोलले जाते. २०१६ पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे जिल्हा रुग्णालयांत ही सोय पोहोचली, ही मोठीच गोष्ट झाली. पण एका खुर्चीवर रांगेने अनेक रोगी बसवावयाचे, असा हिशेब असतो. एका गर्भवतीला ३६ तास द्यावयाचे, तर आणखी दोघांचे तास तिला द्यावे लागतात. हा तिढा वैद्यकाने सुटणारा नाही, तो खुर्च्या वाढविल्यानेच सुटेल. आणि तोवर अशा स्त्रीला मोठ्या शहरात येऊन राहावे लागेल. बंगळुरात आप्त असलेली स्त्री त्या मानाने भाग्याची.

बाळंतपण झाले, की घराची नजर आईवरून उडून पाळण्यावर जाते. डिंकाचे लाडू येतात, बाळंतविडा येतो, बारसे होते. रक्तदाब आणि प्रथिन यांची चौकशी करण्याचे कारण कोणास उरत नाही. नॉर्वेतील नोंदींवरून २००८ साली असे दाखविले गेले, की पहिल्या गर्भारपणात प्रीएक्लॅम्पसिया झालेल्या स्त्रियांत पुढे मूत्रपिंडे निकामी होण्याचे प्रमाण इतरांच्या सुमारे पावणेपाच पट असते. मुळातले प्रमाण फार थोडे, म्हणून घाबरण्याचे कारण नाही. पण अशी स्त्री वाऱ्यावर सोडण्यासारखी खासच नाही. एनालाप्रिल अंगावर पाजतानाही बहुधा चालते; तेव्हा थांबविलेले औषध पुन्हा सुरू होऊ शकते. दुसरे मूल लवकर होऊ नये म्हणून तांबी बसविता येते. रक्तदाब व प्रथिन असलेल्या स्त्रीने इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या मात्र टाळाव्यात.

सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात मुलाला लस टोचून घेण्यासाठी आई आरोग्य केंद्रात येतेच. चौदाव्या आठवड्यापर्यंत गर्भारपणाचे बहुतेक परिणाम ओसरलेले असतात; तेव्हाही लघवीत प्रथिन असेल, तर तो विकार तिचा स्वतःचा, जुना असण्याचाच संभव अधिक. त्या दिवशी मुलाला सुई टोचली जात असताना आईच्या हाती एक लहान बाटली द्यावी, तिचा रक्तदाब मोजावा व क्रिएटिनिनसाठी थोडे रक्त घ्यावे. त्यासाठी निराळी फेरी लागत नाही, निराळी रजा लागत नाही, आणि सासूची निराळी परवानगीही लागत नाही.